वाचक विचारतात : परतीच्या दिवसाचं काय करायचं?

मे महिन्यात गावाला किंवा समुद्रकिनारी गेलेल्यांना आम्ही विचारलं होतं, की सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तुमचं घोडं नेमकं कुठे अडतं. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांमधले नऊ प्रश्न इथे घेतले आहेत. जवळपास सगळे कोकणातून परतण्याबद्दलच आहेत. ते साहजिकही आहे, इथल्या प्रत्येक सोसायटीत अर्धा मजला चाकरमान्यांचा!

प्रश्न : आम्ही दरवर्षी तारकर्लीला चार दिवस जातो. तीन दिवस छान जातात आणि चौथ्या दिवशी हमखास भांडण होतं. सकाळी बॅगा भरताना आरडाओरडा, दहाला खोली सोडायची, गाडी मात्र रात्रीची. दिवसभर सामान घेऊन वणवण. काही उपाय? (ऐरोली)

उत्तर : भांडणाचं मूळ खोली सोडण्याच्या आणि गाडी सुटण्याच्या वेळेतल्या अंतरात आहे. त्या नऊ-दहा तासांत तुम्ही 'राहिलेले पॉइंट' कोंबायला जाता. घामेजलेली पोरं, वाळूने भरलेल्या चपला आणि प्रत्येक ठिकाणी 'सामानापाशी कोण थांबणार' हा वाद. आमचं स्पष्ट मत असं, की शेवटचा दिवस सुट्टीत धरायचाच नाही, तो प्रवासाचा. सुट्टीचा निरोप आदल्या संध्याकाळी घ्यायचा.

समुद्रावरची निवांत चक्कर, आवडत्या खानावळीतलं जेवण, फोटो, खरेदी हे सगळं आदल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत उरका. त्या संध्याकाळी किनारा किती मोकळा मिळेल हे कोळ्यांच्या जुन्या हिशोबाने आधीच कळतं. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी, नऊच्या आसपास, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला वाळूचा पट्टा रुंद मिळतो. अष्टमीला उलट. सूर्यास्तालाच भरती, चालायला वाळू कमी उरते, म्हणून अष्टमीच्या आसपास परत निघणार असाल तर ही चक्कर आदल्या दिवशी दुपार कलल्यावरच लवकर मारून घ्या. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. चालण्याचा बेत ठरवायला हा हिशोब पुरे, पोहण्यासाठी मात्र स्थानिकांना विचारूनच पाण्यात उतरा.

स्कूबा करणार असाल तर तेही शेवटच्या दिवसावर ठेवू नका. विमानाने परतायचं असेल तर एका बुडीनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक बुड्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. पाण्याच्या दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर कमी दाबात बुडबुडे धरतो.

बॅगा रात्री जेवणाआधी भरा. जेवणानंतर कोणाचंच अंग हलत नाही. सकाळसाठी चारच गोष्टी बाहेर ठेवायच्या : ब्रश, चार्जर, औषधं, अंगावरचे कपडे. गाडीत लागणारं सगळं (चादर, पाणी, डबा, एकेक जोडी कपडे, तिकीट, ओळखपत्र) एका वेगळ्या पिशवीत घाला, नाहीतर रात्री अकराला बर्थखालून मोठी बॅग ओढत बसावं लागतं. कोकमाच्या आगळाच्या बाटलीचं झाकण काढून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायचा, त्यावर झाकण घट्ट आवळायचं, चिकटपट्टी मारायची आणि बाटली उभीच न्यायची. आगळ सांडलं तर लाल डाग आणि मीठ दोन्ही कपड्यांत जातात. मालवणी मसाला स्टीलच्या डब्यात ठेवा. नुसत्या पिशवीतून वास येतोच, आणि मग आठवडाभर ऑफिसच्या शर्टालाही मसाल्याचा वास!

यजमानांशी आदल्या दिवशीच बोला : "खोली दहाला सोडतो, पण सामान पडवीत राहू द्या आणि संध्याकाळी निघताना आंघोळीला एक बाथरूम द्या." घरगुती निवासात बहुतेक ठिकाणी याला नाही म्हणत नाहीत. पुढच्या पाहुण्यांची गर्दी असेल तर अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन एक खोली ठेवून घ्या. ते पैसे रिक्षा आणि कोल्ड्रिंकवर उडणाऱ्या पैशांपेक्षा कमीच पडतात. दुपारी झोपा. मालवणहून कुडाळ स्टेशनला पाऊण ते एक तास धरा आणि रिक्षा आदल्या दिवशीच ठरवा. रात्रीच्या गाडीच्या वेळी सगळेच रिक्षा शोधत असतात.

खोलीतून निघताना या जागा नजरेखालून घाला : दारामागची खुंटी, प्लग, उशीखाली, बाथरूमची खिडकी, गच्चीवरची दोरी आणि फ्रीज. फ्रीजमधलं लोक हमखास विसरतात. त्याला सोपा तोडगा आहे. तिथे काही ठेवताना घराची किल्लीही त्याच पिशवीत ठेवायची.

प्रश्न : परतीचं तिकीट कायम वेटिंगवर राहतं. (पनवेल)

उत्तर : आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पासून, त्याआधी १२० दिवस होतं). परतीची तारीख जाण्याच्या तारखेनंतरची, त्यामुळे तिचं आरक्षण तितक्याच दिवसांनी उघडतं. लोक जायचं तिकीट काढून निश्चिंत होतात आणि परतीचं राहून जातं. दोन्ही तारखांचे गजर लावा.

दुसरं, मधल्या स्टेशनवरून काढलेलं तिकीट बहुधा छोट्या किंवा एकत्रित कोट्यात पडतं आणि तिथलं वेटिंग कमी सरकतं. गाडी जिथून सुटते तिथून (सावंतवाडी किंवा मडगाव) तिकीट काढून, काढतानाच चढण्याचं स्टेशन कुडाळ किंवा कणकवली निवडलं तर मूळ कोट्यातून जागा मिळण्याची शक्यता वाढते. भाडं थोडं जास्त पडेल. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर असेल तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. ते घेऊन गाडीत चढता येत नाही.

प्रश्न : सासरहून आंब्याची पेटी मिळते. घरी आणेपर्यंत निम्मे आंबे काळे पडतात, उरलेल्यांपैकी काही आतून पांढरे निघतात. पेटीत चूक की आमची? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : थोडी पेटीची, थोडी तुमची.

काळे डाग बहुतेक वेळा चिकाचे असतात. आंबा उतरवताना देठ मुळातून तुटला की पांढरट चीक सालीवर ओघळतो आणि साल भाजते. डाग दोन-तीन दिवसांनी दिसतो, म्हणून प्रवासात खराब झाला असं वाटतं. सेंटीमीटरभर देठ ठेवूनच आंबा काढायला हवा. पेटी भरतानाच पाहा, ज्याचा देठ नाही तो आंबा वेगळा काढा आणि आधी खा.

आतून पांढरट, रबरासारखा भाग म्हणजे साका. तो झाडावरच धरतो, मुख्यतः उष्णतेमुळे, आणि बाहेरून ओळखता येत नाही. त्यात तुमचा दोष नाही. पण झाडावरून काढलेला आंबा उन्हात राहिला तर साका वाढतो, म्हणून भर दुपारी उतरवलेला माल घेऊ नका. आणि मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत पेटी ठेवणं म्हणजे आंबे उकडणंच. जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा, नाहीतर पेटी बरोबर उतरवा.

तयार आंबा कसा ओळखायचा? देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर आलेले असतात आणि देठ त्यांच्यामधल्या खळग्यात बसलेला दिसतो. खांदे उतरते असतील तर फळ कोवळं. ते पिवळं होईल पण गोड होणार नाही. खात्री करायची तर बादलीभर पाण्यात टाका. तयार हापूस बुडतो, कोवळा तरंगतो.

घरी आल्या आल्या पेटी उघडा. 'उद्या बघू' म्हणून बंद पेटी बाल्कनीत ठेवली की सगळ्यात खालचा थर गेला. खोलीच्या थंड कोपऱ्यात, फरशीवर पेंढा पसरून अढी लावा. पेंढा नसेल तर वर्तमानपत्राचे तीन-चार थर. आंबे देठ खाली करून, एकमेकांना न चिकटवता, एकाच थरात मांडा. जागाच नसेल तर दोन थर, मध्ये पेंढा, आणि वरून सुती कापड. प्लॅस्टिक नको, वाफ धरते आणि बुरशी येते. एक दिवसाआड उलटापालट करा, चौथ्या दिवसापासून रोज बघा. आपल्याकडच्या मेच्या उकाड्यात सहा ते दहा दिवसांत पिकतात. लवकर हवे असतील तर तेवढे चार आंबे कागदाच्या पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू काम करतो. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्यांनी फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, त्या कोणी दिल्या तरी वापरू नका.

कच्चा आंबा फ्रीजमध्ये कधीच नाही. १२-१३ अंशांखाली त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते, साल करपल्यासारखी होते आणि चव येत नाही. पिकल्यावर मात्र खुशाल ठेवा.

वजनाचा हिशोब असा. अडीचशे ग्रॅमचा एक आंबा धरला तर पाच डझनांचे १५ किलो, पेटी वेगळी. स्लीपर आणि थ्री टियर एसीत प्रत्येक तिकिटामागे ४० किलो सामान विनाशुल्क नेता येतं, तेव्हा तिघांच्या कुटुंबाला अडचण नाही. अडचण आहे ती ठाणे स्टेशनच्या जिन्यांवर! पेटीला सुतळीचा दुहेरी कान बांधून घ्या.

आणि जूनमध्ये परतत असाल तर मोह आवरा. पहिल्या पावसानंतर फळमाशी वाढते आणि उतरत्या हंगामातल्या आंब्यात अळी निघते. पेटीचे पैसे आंबापोळीवर घाला.

प्रश्न : ओले कपडे पिशवीत घालून आणले, घरी उघडले तर वास! दोनदा धुऊनही जात नाही. वाळू तर जुलैपर्यंत सापडते. (नेरूळ)

उत्तर : समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. अर्धा लिटर पाणी शोषलेल्या टॉवेलमध्ये १७ ग्रॅमच्या आसपास मीठ राहतं आणि मीठ हवेतली आर्द्रता ओढत बसतं. म्हणून खारट कपडा दोरीवर दिवसभर राहिला तरी दमटच लागतो. तो प्लॅस्टिकमध्ये कोंडला की जिवाणू वाढतात आणि वास येतो.

म्हणून शेवटचं पोहणं झाल्यावर कपडे गोड्या पाण्यातून दोनदा काढा. साबण नको, पाणी पुरे. मग कोरड्या टॉवेलवर कपडा पसरून दोन्हींची एकत्र गुंडाळी करा आणि त्यावर गुडघा टेकून दाबा. पिळण्यापेक्षा जास्त पाणी निघतं आणि कपड्याचा लवचिकपणाही टिकतो. तरी दमट राहिला तर वर्तमानपत्रात गुंडाळून जाळीच्या पिशवीत, बॅगेच्या सगळ्यात वर. घरी पोचल्यावर आधी तीच पिशवी उघडायची, चहा नंतर.

आलेला वास घालवायला अर्धी बादली पाण्यात एक कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीही करू नका, विषारी वायू निघतो.

वाळू ओली असताना झटकू नका, ती अजून रुतते. पूर्ण वाळू द्या, मग झटका. पोरांच्या पायांना टाल्कम पावडर चोळली की ओलसर वाळूही झरझर गळते. धुण्याच्या यंत्रात घालण्याआधी खिसे उलटे करा. वाळू पंपाच्या जाळीत बसते आणि पाणी निघणं बंद होतं. बॅगेची चेनही गोड्या पाण्याने पुसा, मिठाने ती पुढच्या वर्षीपर्यंत जाम होते.

शिंपले आणायचे तर रिकामेच. आत जीव असेल तर तो तिथेच राहू द्या, नाहीतर दोन दिवसांत घरात दुर्गंधी. प्रवाळाचे तुकडे मात्र मेलेले, किनाऱ्यावर पडलेले असले तरी उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेत.

प्रश्न : मालवणहून सुरमई आणि बांगडे ठाण्यापर्यंत ताजे आणता येतील का? (कळवा)

उत्तर : येतील, पण बर्फात कंजुषी चालत नाही. जेवढं मासळीचं वजन तेवढंच बर्फाचं : दोन किलो सुरमईला दोन किलो बर्फ. मासा साफ करून घ्या, पोट आणि कल्ले काढून. तुकड्या करू नका, जितक्या कापलेल्या बाजू तितकं लवकर बिघडतं. थर्माकोलच्या डब्यात खाली दोन इंच चुरा बर्फ, त्यावर मासा, पुन्हा बर्फ. वितळलेल्या पाण्यात मासा बुडून राहिला तर पिळपिळीत होतो. स्वतःच्या गाडीत असाल तर डब्याला तळाशी भोक पाडून खाली परात ठेवा. रेल्वेत गळणारा डबा सहप्रवाशांच्या सामानावर ओघळतो आणि भांडण पक्कं. तिथे बर्फ जाड पिशव्यांत बांधून भरायचा, डब्याची फट चिकटपट्टीने बंद करायची. यजमानांच्या फ्रीझरमध्ये मासा आदल्या रात्री दगडासारखा गोठवून घेतलात तर सर्वांत उत्तम.

बांगड्याबाबत विशेष सांगायला हवं. बांगडा, कुपा, सुरमई एकाच कुळातले. ऊब लागली की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी येणं असा त्रास होतो. घरी डबा उघडल्यावर बर्फाचा खडाही उरला नसेल आणि मासा हाताला गार लागत नसेल, तर वास चांगला असला तरी टाकून द्या. जीवावर येतं, पण टाका.

तारीखही पाहा. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते. त्यानंतर बाजारातली सुरमई बर्फातली जुनी असण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा सुके बोंबील, सोडे घ्या. दोन पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाचा डबा, म्हणजे डब्यातले लोक नाक दाबणार नाहीत.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा निघायच्या दिवशी आजीच्या घरी खांबाला मिठी मारून बसतो. आजी रडते, तो रडतो. ओढत गाडीत घालावं लागतं. (कोपरखैरणे)

उत्तर : या वयाला 'परवा' म्हणजे काय ते नीट उमगत नाही. त्याच्यासाठी निघणं अचानकच येतं. तीन दिवस आधीपासून हिशोब त्याच्या हातात द्या : ओट्यावर तीन आठळ्या मांडायच्या, रोज रात्री एक चुलीत भाजून खायची. शेवटची आठळी खाल्ली की सकाळी निघायचं. दिवस संपताना त्याला डोळ्यांनी दिसतात.

आदल्या संध्याकाळी त्याला निरोपाची फेरी मारू द्या. गोठा, विहीर, शेजारचा मित्र, मांजर, ज्या फांदीवर चढायचा ती फांदी. घाई करू नका, पाऊण तास लागला तर लागू द्या. आणि त्याला शिकवा, 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. आपल्या भाषेने ही सोय फार आधी करून ठेवली आहे, ती मुलांनाही कळते.

निघण्याच्या क्षणी त्याच्यावर एक काम सोपवा : देवापुढच्या नारळाची पिशवी सांभाळणं, किंवा आजीने दिलेला शिदोरीचा डबा मांडीवर धरणं. हात गुंतले की पाय उचलतात. 'रडू नको, मोठा झालास' हे मात्र नको. रडू द्या, दहा मिनिटांनी ओसरतं. खोटं आश्वासनही नको, 'पुढच्या शनिवारी येऊ' म्हणालात आणि गेला नाहीत, तर पुढच्या वर्षी खांब आणखी घट्ट धरला जाईल. गणपतीला येणार हे नक्की असेल तर तेवढंच सांगा.

गाडी वळणाआड गेल्यावर घर रिकामं होतं ते आजीचं. पोचल्याचा फोन सगळेच करतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तुम्ही तिथे एकत्र चहा घ्यायचात त्या वेळेला, नातवाकडून एक फोन करवा.

प्रश्न : रविवारी कुडाळहून गाडीने निघतो, घरी पोचायला मध्यरात्र होते. मुलीला गाडी लागते. (वाशी)

उत्तर : पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यापासून कुडाळच्या थोडं पुढचं झाराप साधारण साडेचारशे किलोमीटर, तेव्हा कुडाळही जवळपास तेवढंच. तुमचा वेळ जातो तो सगळा रस्त्याच्या शेवटच्या शंभर किलोमीटरमध्ये. ताम्हिणीकडची आणि श्रीवर्धन-दिवेआगरची परतीची वाहनं माणगावात मिळतात आणि अलिबागची वडखळला. रविवारी दुपारी तीननंतर या दोन्ही ठिकाणी गाडी मुंगीसारखी सरकते. म्हणून माणगाव दुपारी एकच्या आत ओलांडायचं. त्यासाठी कुडाळहून पहाटे पाचला निघायला हवं, सातला नव्हे. नाश्ता सोबत घ्या, घावणे आणि चटणी गार झाली तरी छान लागते. शेवटचं भरपेट मालवणी जेवण जेवून दुपारी दोनला स्टेअरिंगवर बसणं ही सर्वांत घातक सवय. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा. टायरमधली हवा पहाटे, गाडी गार असताना तपासा. परतीला पेट्या, नारळ, तांदूळ धरून वजन येतानापेक्षा जास्त असतं, तेव्हा भरलेल्या गाडीसाठी दाराजवळच्या पट्टीवर दिलेला दाब ठेवा.

मुलीसाठी : कान सांगतो गाडी हलतेय आणि मोबाइलवरचे डोळे सांगतात सगळं स्थिर आहे. या विसंगतीने मळमळतं. फोन बंद, नजर समोर लांबवर, काच थोडी खाली, पोटात हलकं काहीतरी. अगदी रिकाम्या पोटीही त्रास होतो. डॉक्टरांनी गोळी दिलेली असेल तर ती निघण्याआधी तासभर द्या. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेरच पडते.

हा अंक ठाण्यातले वाचकही वाचतात, म्हणून : पळस्प्यानंतर कळंबोली-शीळफाटा-मुंब्रा बायपास की ठाणे-बेलापूर रस्त्याने कळव्यातून, हे कळंबोलीच्या आधी नकाशा पाहून ठरवा. रविवारी रात्री दोन्हींपैकी एक हमखास तुंबलेला असतो.

प्रश्न : दहा दिवसांनी घर उघडलं की गटाराचा वास आणि डास. घर तर बंद होतं! (कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : बंद होतं म्हणूनच. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी गटारातला वायू अडवतं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत ते आटतं आणि वास थेट घरात येतो. आल्यावर प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये एकेक तांब्या पाणी ओता, फ्लश ओढा, खिडक्या उघडा. पुढच्या वेळी निघताना ट्रॅपमध्ये पाण्यावर चमचाभर गोडेतेल टाका. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

डास तुमच्या बादलीतले. पाणीकपातीच्या भीतीने भरून ठेवलेल्या पिंपात डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून डासापर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं, अगदी तुमच्या सुट्टीएवढं. निघताना बादल्या पालथ्या घाला. जे भरलेलं ठेवायचंच आहे त्यावर सुती कापड ताणून बांधा. आता नुसतं पाणी ओतून भागणार नाही, अंडी पिंपाच्या आतल्या काठाला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने घासून काढा.

दार उघडल्यावर गॅसचा वास आला तर दिवा-पंखा काहीही लावू नका, आधी खिडक्या. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची टाकी एकदा पूर्ण रिकामी करा. आणि फ्रीझरसाठी : निघताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वाटीच्या तळाशी दिसलं तर मध्ये वीज बराच वेळ गेली होती, आतलं मटण-मासळी फेकायची.

प्रश्न : रविवारी रात्री पोचून सोमवारी कामावर जायचं, की एक दिवस आधी परतायचं? बायको म्हणते सुट्टीचा एक दिवस फुकट जातो. (रबाळे)

उत्तर : एक दिवस आधी परता. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये लांब सुट्टीवर गेलेल्या नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रकृती आणि उत्साह आठव्या दिवसाच्या सुमारास शिखरावर होते, आणि कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पूर्वपदावर आले. म्हणजे दहाव्या दिवसाचा अकरावा करून फारसं हाती लागत नाही. पण शेवट कसा झाला ते लक्षात राहतं. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधल्या प्रयोगात लोकांनी एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात धरला. दुसऱ्या खेपेला तेवढाच वेळ धरून पुढे अर्धा मिनिट, पण शेवटी पाणी किंचित कमी गार होत गेलं. पुन्हा कोणता प्रकार कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, लांबलेला प्रकार निवडला. बायकोला हे सांगून पाहा. नाहीच पटलं तर रविवारी सकाळी पनवेलला उतरणारी रात्रीची गाडी धरा, दोघांचंही राहील.

घरी आल्यावर त्या दिवशी तीनच कामं : धुणं लावणं, अढी घालणं, सोमवारचा डबा ठरवणं. तांदूळ, कुळथाचं पीठ, कोकमं हाताशी आहेतच, पिठलं-भातावर भागवा. बॅगा मात्र त्याच संध्याकाळी माळ्यावर. दारात उभी राहिलेली बॅग पुढच्या रविवारपर्यंत तिथेच असते, आणि तिच्यात अजून एक ओला पंचा असतो.